वडगावचा तह आणि सहीचा अधिकार

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी घाट चढून लोणावळ्यास जराशी विसावते आणि पुढे मळवली, कामशेत, कान्हे अशी लहान स्थानके मागे टाकीत वडगावास येते. रास्ता पेठेतील नातलगांकडे सणावाराला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हे स्थानक कितीदा तरी खिडकीतून पाहिले असेल. तेथे उतरण्याचे कारण मात्र क्वचितच कोणाला पडले असेल. या गावी १६ जानेवारी १७७९ रोजी एक तह झाला. कोंडीत सापडलेल्या इंग्रजी फौजेच्या सुटकेसाठी तो मान्य करण्यात आला, फौज सुटली, आणि घाट उतरताच हा तह आम्हांस बंधनकारक नाही असे इंग्रज म्हणू लागले. सही करणाऱ्यांना सही करण्याचा अधिकारच नव्हता, हे त्यांचे कारण.

शाळेत हा धडा मी दोन तासांत उरकीत असे. मराठ्यांचा जय, इंग्रजांचा विश्वासघात, फळ्यावर सनावळी, आणि पुढे सालबाई. या धड्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे हे माझ्या ध्यानात आले ते फार उशिरा, इकडे इस्राएलात आल्यावर, आणि तेही कोणत्या ग्रंथामुळे नव्हे. आमच्या मामांच्या एका कागदामुळे ते घडले.

मामा दक्षिणेकडील एका गावी कारखान्यात होते. कारखाना बंद झाला तेव्हा कचेरीतील कारकुनाने त्यांच्यापुढे एक छापील कागद ठेवला आणि, हिशेबाची पावती आहे, येथे सही करा, असे सांगितले. मामांना हिब्रू बोलता येई ती बाजारहाटापुरती, आणि वाचता येई ती तेफिल्लाच्या पुस्तकातील, स्वरचिन्हे देऊन छापलेली. कचेरीच्या कागदावर स्वरचिन्हे नसतात. त्यांनी सही केली, चेक घेतला आणि घरी आले. चार वर्षांनी शेजाऱ्याच्या मुलाने तो कागद वाचून दाखविला. ती पावती नव्हती, तडजोड होती. मला मिळाले ते सर्व मिळाले, कारखान्याकडे माझे आता काहीही मागणे उरले नाही, अशी त्यात कबुली होती. "मला फसवून सही घेतली," असे मामा म्हणाले. ते खरेच होते. तरी त्या सहीचे करावयाचे काय, हा प्रश्न तेवढ्याने सुटेना. त्याविषयी पुढे लिहीन. आधी वडगावकडे वळू.

या तहाची मुळे पुण्यातील घरभेदात आहेत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, गादीवर आले. परंतु नाना फडणीस, सखारामबापू प्रभृती कारभाऱ्यांनी, ज्यांना आपण बारभाई म्हणून ओळखतो, त्यांना दूर सारून नारायणरावांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार हाती घेतला. राघोबादादा मदतीसाठी मुंबईकर इंग्रजांकडे गेले. इंग्रजांचा साष्टी आणि वसईवर पूर्वीपासून डोळा होता. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला घेऊनही टाकला होता. मार्च १७७५ मध्ये सुरतेस तह झाला. फौज मुंबईकरांनी द्यावयाची आणि मुलूख राघोबादादांनी, असा तो सौदा.

येथे कलकत्ता आडवे आले. विलायतेच्या पार्लमेंटने १७७३ साली रेग्युलेटिंग ॲक्ट केला होता. त्यानुसार मुंबई आणि मद्रास येथील कौन्सिलांनी हिंदी राज्यकर्त्यांशी युद्ध किंवा तह करावयाचा तर, अगदी निकडीचा प्रसंग सोडल्यास, कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलची व त्याच्या कौन्सिलची संमती घेणे आवश्यक होते. मुंबईकरांनी ती घेतली नव्हती. कलकत्त्याने सुरतेचा तह अमान्य केला, कर्नल अप्टन यास पुणे दरबाराकडे धाडले, आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदर येथे कारभाऱ्यांशी वेगळा तह केला.

वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शाळेच्या पुस्तकात सुरत, पुरंदर, वडगाव आणि सालबाई असे चार तह ओळीने येतात आणि मुले ते पाढ्यासारखे पाठ करतात. पण वडगावच्या तीन वर्षे आधीच, केवळ अधिकार नव्हता या कारणावरून, मुंबईकरांचा एक तह रद्द झाला होता, आणि त्या रद्द होण्याचा लाभ नाना फडणिसांच्या पक्षाला मिळाला होता. मुंबईची सही कलकत्त्याच्या शिक्क्यावाचून पुरी होत नाही, हे पुण्यात कोणाला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

मुंबईकरांनी पुरंदरचा तह कधी मनापासून पाळला नाही. विलायतेतील डायरेक्टरांचा कल सुरतेच्या तहाकडे होता. त्यातच सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच पुण्यात येऊन राहिल्याने इंग्रजांना धास्ती पडली. अखेर नोव्हेंबर १७७८ मध्ये राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईहून फौज निघाली. सारी मिळून सुमारे ३,९०० माणसे, त्यांत गोरे सहाशेच्या आत. बाकी देशी शिपाई व तोफखान्याचे लष्करी. सामानाचे हजारो बैल वेगळे. या फौजेवर एक सेनापती न नेमता तिघांची कमिटी नेमली होती: कारनॅक, कर्नल इगर्टन आणि मॉस्टिन. मॉस्टिन पूर्वी पुण्यास इंग्रजांचा वकील होता व दरबारची माणसे ओळखत होता. तो वाटेतच आजारी पडून परतला आणि १ जानेवारीस वारला. इगर्टनची प्रकृती ठीक नव्हती. कारनॅक कौन्सिलचा सभासद. आणि कौन्सिलरने पालखीत बसून लढाई चालवावी म्हणजे काय होते, ते पुढे दिसलेच.

(येथे एक गैरसमज दूर करतो. मांडवी भागात राहिलेल्यांना कारनॅक बंदर आठवत असेल. ते नाव या कारनॅकचे नव्हे. १८३९ ते १८४१ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या सर जेम्स रिव्हेट कारनॅक याचे ते नाव. तो याच घराण्याशी नात्याने जोडलेला होता. तेथील जुना कारनॅक पूल २०२२ साली पाडण्यात आला.)

फौज कूर्मगतीने सरकत होती. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिली नाही. मुलूख मोकळा करून, चारा जाळून, बाजूने छापे घालून त्यांनी तिला आत ओढून घेतले. कार्ल्याजवळ ४ जानेवारीस कॅप्टन स्टुअर्ट गोळा लागून पडला. त्याच्या धाडसावर मराठेही खूष होते. लोकांनी त्याला इष्टुर फाकडा असे नाव दिले आणि वडगावात त्याची समाधीही आहे. शत्रूच्या सरदाराला असा मान देणारी माणसे आपल्या मुलखात होती, हे सांगताना वर्गात मला नेहमीच बरे वाटे. ९ जानेवारीस फौज तळेगावास पोहोचली, तो गाव जाळून ओस केलेला. पुणे अवघे एकदीड मजलेवर. पण पुढे जाण्याचा धीर कमिटीला झाला नाही. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून, सामानाला आग लावून फौज गुपचूप मागे वळली. गुपचूप कसले! मराठ्यांना ते तत्काळ कळले. १२ तारखेस दिवसभर पिछाडी लढत राहिली. कॅप्टन हार्टले याने ती नेटाने लढविली म्हणूनच फौज कशीबशी वडगावात शिरली. तेथे ती सर्व बाजूंनी वेढली गेली.

या फौजेतील देशी शिपायांविषयी आपल्या वाचकांना विशेष आस्था वाटेल. अठराव्या शतकाच्या मध्यापासून कोकणातील बेने इस्राएल तरुण तेलाचा घाणा सोडून कंपनीच्या मुंबई फौजेत भरती होऊ लागले होते. सामाजी हसाजी दिवेकर हे याच फौजेतील अंमलदार. वडगावनंतर थोड्याच काळाने, १७८० ते १७८४ च्या म्हैसूरच्या युद्धात, ते शत्रूच्या कैदेत पडले. सुटून आल्यावर १७९६ साली त्यांनी मुंबईतील पहिली सिनेगॉग, शार हारहमीम, बांधविली. अशा शिपायांना तहातील कलमे कोण वाचून दाखविणार? त्यांच्या दृष्टीने तहाचा अर्थ एवढाच की उद्या सकाळी आपण जिवंत असू आणि घाट उतरू. तहाचा खरा मोबदला हा होता.

१३ जानेवारीस कमिटीने फार्मर यास बोलणी करण्यास पाठविले. पहिली मागणी राघोबादादांना हवाली करण्याची होती. त्यांनी स्वतःच महादजी शिंद्यांशी संधान बांधून त्यांच्याकडे जाण्याचे ठरविले, तेव्हा तो काटा निघाला. मग मराठ्यांनी नवा तह मागितला. कमिटीने कळविले की, कलकत्त्याच्या संमतीवाचून तह करण्याचा आम्हांस अधिकार नाही. यावर मराठ्यांकडून उलट प्रश्न आला तो मोठा मार्मिक होता: अप्टनने केलेला पुरंदरचा तह मोडावयाचा अधिकार मग तुम्हांस कोठून आला?

कमिटीकडे याला उत्तर नव्हते. तिने होम्स नावाच्या अधिकाऱ्यास पूर्ण मुखत्यारी देऊन महादजींकडे पाठविले, आणि त्याच्याशी बोलून तह ठरला. १७७३ नंतर इंग्रजांनी मिळविलेला सर्व मुलूख, साष्टीसुद्धा, परत करावा. बंगालहून जमिनीच्या वाटेने येत असलेल्या गॉडर्डच्या फौजेस मागे फिरण्याचा हुकूम जावा. भडोच महादजींकडे जावे, आणि त्यांच्या माणसांना ४१ हजार रुपये बक्षीस म्हणून द्यावे. हमी म्हणून फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट हे दोघे ओलीस राहिले. (हा स्टुअर्ट इष्टुर फाकड्याहून वेगळा.) मराठ्यांनी शब्द पाळला व फौजेस वाट दिली. घाट उतरल्यावर कमिटीने पहिले काम कोणते केले असेल, तर गॉडर्डला पाठविलेला थांबण्याचा हुकूम फिरविण्याचे. गॉडर्डने बऱ्हाणपुराहून मजल दरमजल करीत फेब्रुवारीअखेर सुरत गाठली. मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी व त्याचे कौन्सिल यांनी तह अमान्य केला, कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जनेही केला. कारनॅक आणि इगर्टन यांना कंपनीच्या नोकरीतून काढण्यात आले. साष्टी परत मिळाली नाही. युद्ध पुन्हा पेटले.

आता प्रश्न. यात फसवणूक झाली काय, आणि झाली असल्यास कोणाची?

आपल्याकडील पुस्तके म्हणतात, इंग्रजांनी शब्द मोडला, दगा केला. इंग्रजांच्या बाजूचे म्हणणे असे की, आम्ही आधीच सांगितले होते की अधिकार नाही; हे ऐकूनही तुम्ही सही घेतली; तेव्हा तक्रार कसली? वरवर पाहता हा युक्तिवाद भक्कम आहे. पुण्याच्या कारभाऱ्यांना सुरतेच्या तहाची गत माहीत होती, हे मीही वर लिहिले आहे. परंतु अधिकार नाही असे सांगितल्यानंतर होम्सला पूर्ण मुखत्यारी देऊन कोणी पाठविले? पहिले बोलणे खरे असेल तर दुसरे खोटे, आणि फौज सुटली ती दुसऱ्यावर. पुढे आपल्या बचावात कारनॅकने सांगितले ते असे की, हा तह कलकत्त्याच्या मान्यतेवाचून बांधील नाही, असे मनात धरूनच आपण होम्सला अधिकार दिला होता. मनात धरून! म्हणजे हाताने मुखत्यारपत्र द्यावयाचे आणि मनात ते रद्द करावयाचे. माझ्या मते वडगावचा निकाल या एका कबुलीवर लागतो. अधिकार नव्हता हा दोष नाही. तो असल्याचे भासविले हा दोष आहे, आणि तो दोष करणारालाच नंतर त्या दोषाचा आधार घेऊन तह मोडता आला, हे विपरीत आहे.

असाच प्रसंग पूर्वी रोमन लोकांवर आला होता, आणि हेस्टिंग्जच्या काळचे सुशिक्षित इंग्रज ती कथा शाळेत लॅटिन शिकताना वाचीत. इ. स. पूर्व ३२१ मध्ये कॉडियमच्या खिंडीत रोमन सैन्य सॅमनाइट लोकांनी कोंडले. कॉन्सलांनी तह केला, सैन्य जुवाखालून वाकून बाहेर पडले. रोमने तह नाकारला, कारण लोकांची संमती नव्हती. परंतु लिव्हीने लिहिले आहे की, रोमने निदान तह करणाऱ्यांना बांधून शत्रूच्या हवाली केले, आणि तशी सूचना कॉन्सल पोस्ट्युमियस याने स्वतःच केली. सॅमनाइटांचा नायक पाँटियस याने त्यांना घेण्याचे नाकारले. तह नको असेल तर तुमचे सैन्य पुन्हा त्या खिंडीत नेऊन उभे करा, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे होते. लिव्हीच्या कथेतील तपशिलांवर विद्वान शंका घेतात. पण पाँटियसने बोट ठेवले ती जागा अचूक आहे. करार मोडणाऱ्याने करारात घेतलेले परत करावे. वडगावची फौज कोणी पुन्हा वडगावात आणून उभी करणार नव्हते.

यापुढची हकीकत पुस्तकांत फारशी येत नाही. महादजींनी ओलिसांना इजा केली नाही. मार्च १७८० मध्ये दोघांनाही सोडून दिले. पुढे वसई इंग्रजांनी घेतली, ग्वाल्हेरचा किल्ला पडला, बोरघाटात गॉडर्डची त्रेधा उडाली, हैदरअली मद्रासवर चालून गेला आणि सारेच थकले. १७ मे १७८२ रोजी सालबाई येथे महादजींच्या मध्यस्थीने तह झाला. साष्टी इंग्रजांकडेच राहिली, वसई परत गेली, राघोबादादांना महिना २५ हजारांची नेमणूक ठरली. आणि भडोच? ते इंग्रजांनी महादजींना दिले. वडगावी कोंडलेल्या फौजेशी व ओलिसांशी त्यांनी जी वर्तणूक ठेवली, तिची ही पोच, असे कारण त्यासाठी देण्यात आले. म्हणजे जो तह मुळातच अवैध, त्यातले महादजींना खूष करणारे कलम तेवढे हेस्टिंग्जने निवडून पाळले, आणि पुणे दरबारला साष्टी देणारे कलम टाकून दिले. पुढे १८०३ च्या युद्धात इंग्रजांनी दौलतराव शिंद्यांकडून भडोचही जिंकून घेतले, ते वेगळे.

या संबंधात आपल्या तनाखमधील गिबोनकरांची कथा आठवल्यावाचून राहत नाही. येहोशुआच्या पुस्तकाचा नववा अध्याय आपण सर्वांनी ऐकला आहे. वाळलेल्या, बुरसलेल्या भाकरी, ठिगळे लावलेली पायताणे, फाटके बुधले घेऊन गिबोनकर गिलगालच्या छावणीत आले, आम्ही फार दूर देशाहून आलो असे म्हणाले, आणि येहोशुआने त्यांच्याशी सल्ला केला. तीन दिवसांनी कळले की हे तर शेजारचेच. आज एल जीब म्हणून ओळखले जाणारे हे गाव येरुशलायमपासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथील उत्खननात गिबोन हे नाव कोरलेल्या रांजणांच्या मुठी सापडल्या आहेत. येथे फसवणूक उघड होती, कबूलही झाली होती. लोक सरदारांवर कुरकुरले, तरी शपथ मोडली नाही. गिबोनकरांना लाकूडतोडे व पाणके करून ठेवले, पण जिवंत ठेवले. पुढे शौलाने त्यांच्यावर हात टाकला, तेव्हा दाविदाच्या काळी तीन वर्षे दुष्काळ पडला, असे शमुएलच्या दुसऱ्या पुस्तकात आहे.

तलमुदात, गित्तीनच्या ४६ व्या पानावर, यावर वाद आहे. रब्बी येहुदांच्या मते शपथ लोकांसमक्ष घेतली म्हणून ती पक्की झाली. इतर रब्बींचे म्हणणे असे की, ती कधी लागूच झाली नाही, कारण तिच्या मुळाशी असत्य होते. तरीही गिबोनकरांना मारले नाही ते परमेश्वराच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून. मला हे दुसरे मत अधिक सूक्ष्म वाटते. करार अवैध आहे असे म्हणणे एक, आणि तो अवैध ठरल्यावर काय करावे हे वेगळे. शिवाय तेथेच लिहिले आहे की, सरदारांनी त्यांच्या शिदोरीतले काही घेतले, पण परमेश्वराला विचारले नाही. चौकशी करता येत होती, ती केली नाही, हा ठपका फसविल्या गेलेल्यांवरही आहे.

हाच विचार आधुनिक कायद्यात कोरड्या शब्दांत सापडतो. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या सतराव्या कलमात कपट आणि अठराव्यात गैरनिवेदन यांची व्याख्या आहे. एकोणिसावे कलम सांगते की, अशा रीतीने मिळविलेली संमती असेल तर करार आपोआप रद्द होत नाही. फसलेल्या पक्षाला तो रद्द करण्याचा अधिकार मिळतो. त्याला वाटल्यास तो उलटही म्हणू शकतो की, करार पुरा करा आणि तुम्ही सांगितले ते खरे असते तर मी जेथे असतो तेथे मला आणून ठेवा. फसविणाराला हा विकल्प नाही. मात्र साध्या काळजीने सत्य कळले असते, तर गैरनिवेदनाची तक्रार टिकत नाही. चौसष्टावे कलम म्हणते, करार रद्द करणाऱ्याने त्यातून मिळालेला लाभ शक्य तितका परत करावा. आणि १९९ वे कलम: आपल्या नावाने दुसऱ्याने परवानगीवाचून केलेल्या व्यवहाराचा एक भाग मान्य केला, की सबंध व्यवहार मान्य केल्यासारखा होतो. राजांच्या तहांना हा कायदा लागत नाही आणि तो तर शंभर वर्षांनंतरचा; पण भडोच देऊन साष्टी ठेवणाऱ्या हेस्टिंग्जला हे कलम दाखवावेसे वाटते खरे.

स्वतंत्र भारतात ही कसोटी सर्वांत मोठ्या प्रमाणावर लागली ती भोपाळच्या प्रकरणात. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. १९८५ च्या एका खास कायद्याने पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. मागणी तीन अब्ज डॉलरांहून अधिक होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तडजोड झाली ती ४७ कोटी डॉलरांवर. पीडितांचा आक्रोश असा की, आमच्या वतीने सही केली, आम्हांस विचारले नाही, आणि मृतांचे व आजाऱ्यांचे आकडे कमी धरले. तडजोडीत मृतांची संख्या सुमारे तीन हजार धरली होती. पुढे नुकसानभरपाईच्या नोंदींत ती ५,२९५ झाली. ३ ऑक्टोबर १९९१ रोजी न्यायालयाने तडजोड कायम ठेवली, फौजदारी खटल्यांना दिलेली माफी मात्र काढून घेतली. २०१० साली खुद्द भारत सरकारनेच अधिक रकमेची मागणी घेऊन पुन्हा दार ठोठावले. १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती फेटाळली. तडजोड एक तर वैध असते किंवा कपटाने दूषित झाल्यामुळे रद्द होते. ती ठेवून वर भर मागता येत नाही. आणि कपट झाले असे सरकारने म्हटलेलेच नाही, असा निकालाचा गाभा होता. १९९१ च्या निकालात सांगितलेला पीडितांचा विमाही सरकारने उतरविला नव्हता, यावर न्यायालयाने कठोर ताशेरे ओढले.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल मला पटतो. तरी वाचून झाल्यावर स्वस्थ वाटत नाही. वडगावी जीव वाचले ते शिपायांचे आणि तहाबद्दल भांडले ते कौन्सिलर. भोपाळात भोगले ते झोपडीतल्या लोकांनी, आणि सही त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी केली. घेतलेले परत करून करार मोडा, हा नियम न्याय्य आहे; पण ज्याने औषधपाण्यात सारे खर्चून टाकले तो काय परत करणार?

आता मामांचा कागद. येथील करारांचा सर्वसाधारण कायदा १९७३ चा. त्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे गैरसमज करून देऊन घडविलेला करार फसलेल्या माणसाला रद्द करता येतो. विसावे कलम म्हणते, खरी गोष्ट कळल्यापासून वाजवी मुदतीत तशी नोटीस दिली पाहिजे. एकविसावे कलम परताव्याचे: दोन्ही बाजूंनी घेतलेले परत करावयाचे, आणि वस्तू परत करणे शक्य नसेल तर तिची किंमत. आम्ही ज्या वकिलाकडे गेलो त्यांनी कागद वाचण्याआधी मामांना दोनच प्रश्न विचारले. हे तुम्हांला कोणत्या दिवशी कळले? आणि त्या वेळी मिळालेल्या पैशाचे काय झाले?

दुसऱ्या प्रश्नाला मामांनी प्रामाणिकपणे उत्तर दिले की, धाकटीच्या लग्नात खर्च झाला. पहिल्या प्रश्नाला मात्र ते घुटमळले. शेजाऱ्याच्या मुलाने कागद वाचून दाखविल्यालाही सात महिने होऊन गेले होते. आपल्याला वाचता आले नाही ही लाज वाटून त्यांनी ते घरात कोणाला सांगितलेच नव्हते; मामींनाही नाही. वकील रागावले नाहीत. त्यांनी नोटीस लिहिली, आणि तीत मिळालेली रक्कम परत करण्याऐवजी ती येणे असलेल्या रकमेतून वजा धरावी, असे मांडले. कारखान्याच्या मालकांचा दुसऱ्या गावी व्यवसाय चालू होता. चार महिने पत्रव्यवहार होऊन त्यांनी आणखी काही रक्कम देऊ केली. ती पूर्ण हक्काची नव्हती. मामांनी ती घेण्याचे ठरविले.

त्या दुसऱ्या तडजोडीचा कागद मी त्यांना वकिलाच्या कचेरीत ओळ न् ओळ मराठीतून वाचून दाखविला. दीड पानाच्या मजकुराला जवळजवळ दोन तास लागले, कारण प्रत्येक ओळीला ते थांबवून विचारीत, "म्हणजे काय?" शेवटी त्यांनी कागद पुन्हा पहिल्या पानापासून वाचावयास सांगितला, तो मी वाचला, आणि मग त्यांनी खाली मराठीत सही केली.